काळा तिसऱ्या तासाला बसतो

"आप्पा, गुलाल नका लावू, स्पीकरात जातो!"

गोरक्षनाथ ओरडेपर्यंत मी काळ्याच्या पाठीवर गुलालाचं एक बोट ओढलेलं होतं. भोवती पन्नासेक माणसं. घोडेगावचा बाजाराचा दिवस, म्हशींचा नुसता कालवा, आणि आमच्या फळीवर दोन मोबाईल शेजारी शेजारी ठेवलेले, एक काळा, एक निळा. दोन्ही एकाच किमतीचे, एकाच आकाराचे. फरक काय तो पोटातल्या प्रोसेसरचा. काळ्यात एका कंपनीचा, निळ्यात तिच्या वैऱ्याचा.

दोन्ही पडद्यांवर एकच चाचणी सुरू होती. डोंगर पळत होते, ढग फुटत होते, झाडांची पानं सुटी सुटी मोजता यावीत अशी हलत होती. चाचणी संपली की पडद्यावर आकडा उमटतो. ज्याचा आकडा मोठा, त्याचा प्रोसेसर जोरकस. काळ्याचा आकडा आला आणि मी उपरणं उडवलं.

"बघा! निळ्याला दीड लाखानं मागं टाकला! अरे, ह्यो फोन हाय का वारं? काल मी ह्याच्यावर माझा फोटो काढला. फोटोत दोन दात कमी. म्हणलं, असं कसं? तर ह्यो एवढा पुढं पळतो, की पुढच्या सालचा फोटो काढून बसला!"

बाजार खदखदून हसला. कुणीतरी विचारलं, "आप्पा, तुमच्या पाखऱ्या बैलापेक्षा जलद का?"

"पाखऱ्याचं नाव काढू नको. पाखऱ्या संध्याकाळी गोठ्यात येऊन वैरण खाऊन बसायचा, तवा कुठं त्याची सावली वेशीतून आत यायची. पण ह्यो त्याच्या बरोबरीचा हाय, एवढं मी आप्पासाहेब लिहून देतो."

गोरक्षनाथ फडक्यानं गुलाल पुसत होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "एकच तास झालाय अजून."

ते कुणी ऐकलं नाही. ऐकलं ते मी.

गोरक्षनाथाबद्दल सांगायला फारसं काही नाही, म्हणूनच सांगायला हवं. वय अठ्ठावन्न. पंधरा वर्षांपूर्वी त्यानं घरची शेवटची बैलजोडी विकली. दलाल मीच होतो. भाव ठरवताना रुमालाखाली माझी बोटं धरून तो असा गप्प उभा राहिला, की समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं ह्याला भाव पटत नाही, आणि तो आपणच वर चढला. त्या जोडीच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. बाजाराच्या तोंडाशी, पत्र्याचं, दहा बाय आठ. माझी दलाली पुढं म्हातारपणानं सुटली, आणि मी त्याच्या दुकानापुढच्या बाकावर येऊन बसलो. मी गप्पा मारायच्या, माणसं थांबायची, थांबलेली माणसं आत बघायची. असं आमचं दोघांचं चाललं होतं.

खोक्यावर छापलेल्या गोष्टींवर गोरक्षनाथाचा विश्वास नव्हता. "बैलाच्या मालकानं बैलाचं कवतिक केलं तर आपन ऐकतो का? दात बघतो, चालवून बघतो," असं तो म्हणायचा. म्हणून नवा प्रोसेसर आला की तो त्याला चालवून बघायचा. त्याची रीत ठरलेली होती. दोन्ही फोन सारखेच चार्ज केलेले, पडद्याचा उजेड सारखाच, आत कार्ड एकाच कंपनीचं. फळीच्या डाव्या बाजूला पत्र्याची झळ लागायची, म्हणून दर फेरीला तो फोनांच्या जागा बदलायचा, डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं. आठ कोरच्या प्रोसेसरला तो आठबैली नांगर म्हणायचा. त्यातले चार मोठे कोर ते बैल आणि चार बारके ते गोऱ्हे. साधं काम गोऱ्ह्यांनी ओढायचं, जड काम आलं की बैलांनी खांदा द्यायचा. आणि पाव घंट्याच्या एका फेरीला तो म्हणायचा तास. नांगर शेताच्या ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत गेला की जमिनीत जी रेघ उमटते, तो तास.

"पहिल्या तासाला समदेच पळत्यात, आप्पा. तिसऱ्या-चौथ्याला कळतं कोन कसा हाय."

फेरी संपली की तो फोन उचलायचा आणि पाठीवर तळहात ठेवून डोळे मिटायचा. बैलाला ताप आहे का हे आपण कान धरून बघतो, अगदी तसा. मग कॅलेंडरच्या फाटक्या पानामागं दोन ओळी लिहायचा. त्या दोन ओळींसाठी नेवाशाहून, शेवगावाहून माणसं यायची. नगरच्या मोठ्या दुकानात फोन घेणारी माणसंसुद्धा आधी विचारून जायची, आणि गोरक्षनाथ त्यांनाही खरं तेच सांगायचा.

तर त्या दिवशी बाजार हसून पांगला. गोरक्षनाथ मात्र दोन्ही फोन पळवत राहिला. दुसऱ्या तासाला काळा नि निळा बरोबरीला आले. तिसऱ्याला पडद्यावरचे डोंगर काळ्यात अडखळायला लागले, धापा टाकल्यागत. आकडा निम्म्यावर आला. निळा होता तसाच चालत होता.

"तुमचा पाखऱ्या बसला बघा," गोरक्षनाथ म्हणाला.

"खोटा माल हाय म्हण की."

"न्हाई, न्हाई. चिप वाईट न्हाई. आंग तापलं की ती आपनहून हळू हुती, जळू नये म्हनून. दुसऱ्या फोनात हीच चिप लई गुणाची निघंल. ह्या खोक्यात तिला वारंच न्हाई. पत्र्याच्या बंद गोठ्यात खिल्लार बांधलं तर त्यानं काय करावं?"

मी हूं म्हटलं. बाजारातली माणसं आपापल्या गावी गेली होती. चार-पाच तालुक्यांत काळ्याचं कवतिक मीच पोचवलं होतं, आणि ते परत गोळा करायला जाणार कोण?

ही तुलना मुळात चालली होती वृषालीसाठी. वृषाली आमच्या विमलबाईंची मुलगी. विमलबाई ग्रामपंचायतीत शिपाई, नवरा कधीच गेलेला, पोरीला एकटीनं नर्सिंग शिकवलं. वृषाली सावेडीतल्या एका दवाखान्यात नोकरीला लागली, आणि दीड वर्षापासून जर्मन शिकत होती. तिकडच्या एका दवाखान्याला परिचारिका हव्या होत्या. एसटीची वाट बघत उभी असली की ती ओठातल्या ओठात काहीबाही म्हणायची. मी एकदा विचारलं, "पोरी, कुनाला शिव्या देती?" तर म्हणाली, "आप्पा, ह्याला म्हणतात, 'तुम्हाला कुठं दुखतंय?'" मग मी पण ते पाठ केलं आणि चार दिवस बाजारात म्हशींना विचारत फिरलो.

तिची परीक्षा फोनवरच होणार होती. बंद खोलीत एकटीनं बसायचं, कॅमेरा सगळा वेळ चालू, समोर तिकडचे दोघे जण बघत असणार, आणि त्याच फोनवर ऐकायचं, लिहायचं, बोलायचं. मध्येच चित्र थांबलं तर परीक्षा तिथंच संपली. पुन्हा नाही. तिचा जुना फोन पाच मिनिटांत गोठायचा. ती गोरक्षनाथाला म्हणाली होती, "मामा, तुम्ही सांगाल तो घेते. मला त्यातलं कळत नाही." गोरक्षनाथानं आठ दिवस मागून घेतले होते.

ती आली त्या दिवशी गोरक्षनाथ नव्हता. भावकीत दहावा होता, प्रवरासंगमला गेला होता. जाताना मला सांगून गेला, "आप्पा, वृषाली आली तर ही चिठ्ठी द्या. दोन्ही फोन खोक्यात हायेत. तिला म्हनावं, वाचून घे."

चिठ्ठीवर दोनच ओळी. "काळा – तिसऱ्या तासाला बसतो. निळा – आठ तास सारखा."

वृषालीनं वाचली. भुवया उंचावल्या.

"तिसऱ्या तासाला? माझी परीक्षा तर दोनच तासांची आहे, आप्पा."

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या घरी ना शेत, ना बैल. नांगर तिनं पाहिला तो ट्रॅक्टरमागचा. तास म्हटलं की तिला भिंतीवरचं घड्याळ दिसणार, दुसरं काय दिसणार? तिचं काही चुकलं नाही. गोरक्षनाथाचंही नाही. आणि मला सगळं माहीत होतं. हे वाक्य मी लिहिलंय तसंच राहू द्यावं. मला माहीत होतं.

"बाजारात म्हणत होते, काळा लई जलद आहे म्हणून," ती म्हणाली. "खरंय का?"

बाकावर दोघे जण बसले होते, सोनईचे. त्यांनी माझी शर्यत बघितलेली. त्यातला एक हसून म्हणाला, "अगं, आप्पांनी लिहून दिलंय. पाखऱ्याच्या बरोबरीचा हाय त्यो."

आता इथं मी म्हणायला हवं होतं, थांब पोरी, तास म्हणजे फेरी. अर्ध्या घंट्यात बसतो तो. निळा घे. एवढीच तीन-चार वाक्यं. पण ती म्हणायची तर त्या दोघांच्या देखत माझा पाखऱ्या लंगडा निघत होता. मी उपरणं खांद्यावर टाकलं.

"मग काय तर! दोन तासांचं काम म्हंजे ह्याला नाश्ता. ह्यो तुला जर्मनीला पोचवून परत येईल आन् जेवायला बसंल."

ती हसली. सोनईचे हसले. काळ्याचं खोकं छातीशी धरून ती एसटीकडं गेली.

मला वाटलं, निभंल. खोटं बोलणाऱ्या माणसाला एक सवय लागते, आपलं खोटं आपोआप निभून जाईल असं वाटण्याची. आजवर निभलं होतंच की. बैलाची सावली उशिरा आली न आली, कुणाचं काय अडत होतं?

चौथ्या दिवशी भर दुपारी मायलेकी दुकानात आल्या. वृषालीचे डोळे कोरडे होते. बोलल्या त्या विमलबाई.

"गोरक्षदादा, पस्तिसाव्या मिनिटाला थांबला. पोरगी इकडून बोलती, तिकडं चित्र मेलेलं. तिकडची बाई तीनदा 'हॅलो, हॅलो' म्हनली आन् बंद. दीड वरीस ह्या पोरीनं झोप मोडून त्ये गिरवलं. तुमच्यावर भरोसा ठिवला हुता आमी."

"काळा नेला?" गोरक्षनाथ उठून उभा राहिला. "मी तर निळा..."

वृषालीनं पर्समधून चिठ्ठी काढून फळीवर ठेवली. "मामा, तुम्हीच लिहिलंय, तिसऱ्या तासाला. माझी परीक्षा दोन तासांची होती."

गोरक्षनाथ त्या कागदाकडं बघत राहिला. बाहेर कांद्याचा टेम्पो मागं घेत होते, त्याची पिपाणी वाजत होती. मग तो हळूच खाली बसला.

"माझाच शब्द चुकला, बाई. मी नांगराचा तास लिहिला. पाव घंट्याचा. तुमाला कसा कळावा?"

"तास म्हंजे तास!" विमलबाई म्हणाल्या.

"व्हय. तास म्हंजे तासच. माझंच चुकलं."

मी बाकावर होतो. माझं तोंड, जे पाखऱ्यापेक्षा जलद पळतं, ते त्या दिवशी पहिल्याच तासाला बसलं.

गोरक्षनाथानं काळा परत घेतला, निळा दिला. विमलबाई नको म्हणत होत्या, त्यानं तो वृषालीच्या पिशवीत टाकला. तिकडच्या लोकांना पत्र लिहायचं त्याच्या मनानं घेतलं. चूक पोरीची नाही, दुकानदाराची आहे, हे त्यांना कळलं तर पुन्हा बसू देतील. अख्खी सकाळ बसून त्यानं मराठीत लिहिलं. खाली सही केली. मग कागद माझ्याकडं सरकवला.

"आप्पा, साक्षीदार म्हनून तुमी करा. तुमी हुता तवा."

मी सही केली. माझ्या नावाची अक्षरं आजवर कधी एवढी सुबक आली नव्हती.

पत्राचं इंग्रजी फोननं करून दिलं. वृषालीनं ते वाचलं आणि आम्हाला परत मराठीत सांगितलं, "मामा, ह्यात म्हटलंय, 'तासाचा अर्थ घड्याळाचा तास असा नव्हता, तर घड्याळाचा तास असा होता.'" आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती हसली. गोरक्षनाथही हसला. मला हसू आलं नाही, म्हणून त्या दोघांनी माझ्याकडं बघितलं. तिनं मग स्वतः नीट लिहून पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं. दोन ओळींचं, फार आदराचं. जागा भरल्या होत्या.

त्यानंतर बसस्टॉपवर वृषाली दिसली की मी तिच्या ओठांकडं बघायचो. ते मिटलेले असायचे.

गोरक्षनाथाचं जे झालं ते कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. त्यानं दुकान बंद केलं नाही, अंथरूण धरलं नाही. नवे प्रोसेसर येत राहिले, आकडे वाढत राहिले. गिऱ्हाईक विचारायचं, "गोरक्षभाऊ, ह्या दोन्हीत चांगला कंचा?" तो खोकं उलटं करायचा, त्यावर छापलेलं तेवढं वाचून दाखवायचा. "तुमी चालवून बघितला का?" विचारलं तर म्हणायचा, "आता न्हाई बघत." फोनच्या पाठीवर तळहात ठेवणं त्यानं सोडलं. नेवाशाची माणसं पाच-सहा महिने येत राहिली, मग थांबली.

आठ महिने मी हे बघितलं. एक दिवस दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तो एका फोनची काच बसवत होता. मी म्हणालो, "गोरक्षा, तुझा शब्द चुकला नव्हता. तिनं मला इचारलं हुतं. तास म्हंजे काय ते मला म्हाईत हुतं. मी सांगितलं न्हाई."

"का?"

"सोनईचे दोघं बसले हुते. माझी फजिती झाली असती."

त्यानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं आणि गालात हसला.

"आप्पा, तुमच्या एकेक थापा मी ऐकल्यात. ही तेवढी जमली न्हाई बघा."

"अरे, आईशप्पत खरं!"

"पाखऱ्याच्या सावलीला पन तुमी आईचीच शपथ घेतली हुती." आणि मग मऊ आवाजात म्हणाला, "माझ्या जीवाला लागलंय म्हनून तुमी सवतावर घेताय. कळतंय मला. नका घेऊ. तुमी बसता हितं, तेवढं लई हाय."

काच त्यानं अशी हलक्या हातानं दाबली, जणू तिलाच ते सांगत होता.

पंच्याहत्तर वर्षांत मी जेवढं खोटं सांगितलं तेवढं सगळं लोकांनी चवीनं घेतलं. एकच खरं सांगितलं आणि ते परत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी नगरला गेलो, रिक्षानं सावेडीत. दवाखाना शोधायला अकरा वाजले. वृषाली पुरुषांच्या वॉर्डात होती. मला बघून ती लगबगीनं आली.

"आप्पा? काय होतंय तुम्हाला?"

"काही न्हाई. बोलायचंय."

तिनं ऐकलं नाही. स्टुलावर बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबायला लागली. मी बोलत होतो. सोनईचे दोघे, चिठ्ठी, तास, सगळं. आडपडदा ठेवला नाही, मीठमिरची लावली नाही, म्हणून सांगून फार लवकर संपलं. पट्ट्यातली हवा सूं करत सुटली. तिनं आकडा कागदावर लिहिला.

"खोटं वाटत आसंल," मी म्हणालो. "गोरक्षालाबी वाटलं."

"नाही. खरं वाटतंय." ती पट्ट्याची घडी घालत होती. "तुम्ही थापा मारताना समोरच्याच्या तोंडाकडं बघता, हसतोय का ते. आज तुम्ही फरशीकडं बघताय."

मला शिव्या हव्या होत्या. जर्मनमध्ये दिल्या असत्या तरी चाललं असतं. कोपऱ्यातल्या खाटेवरचा म्हातारा खोकला, ती जाऊन त्याची उशी उंच करून आली. मग तिनं खिशातून निळा फोन काढला.

"मामा, वृषाली बोलतेय. आप्पा माझ्याकडं आलेत, सावेडीला. ते तुम्हाला सांगत होते ना, ते खरं आहे. मी त्यांना विचारलं होतं. तुमची चिठ्ठी बरोबर होती, मामा. तुमचं काही चुकलं नव्हतं."

फोन तिच्या कानाशी होता, पण मी हाताच्या अंतरावर बसलो होतो आणि वॉर्डात शांतता होती. पलीकडून म्हैस हंबरल्याचं ऐकू आलं. कुणीतरी गोरक्षनाथाला काहीतरी विचारत होतं, त्याला त्यानं उत्तर दिलं नाही. वृषालीनं फोन कानावरून काढून बघितला, चालू आहे ना म्हणून. चालू होता.

मग गोरक्षनाथाचा आवाज आला.

"जेवलेत का त्ये? भल्या सकाळी निगाले असत्याल. पोटात काय नसंल त्यांच्या. आधी खायला घाल. उपाशी मानसाला काय बोलू नको."

आणि त्यानं फोन ठेवला.

वृषाली आत गेली. येताना तिचा डबा घेऊन आली. माझ्या पुढ्यात स्टूल ओढून त्यावर झाकणात एक भाकरी आणि दोडक्याची भाजी काढली, पाण्याचा पेला ठेवला आणि पुढच्या खाटेकडं गेली. तिथला रोगी पोट धरून पडला होता. ती त्याच्यावर वाकून विचारत होती, कुठं दुखतंय, मराठीतच.

मी खाल्लं. भाजीत मीठ कमी होतं. मी काही बोललो नाही.